मानधन द्याच, पण त्याआधी काम ठरवा

प्रश्न: कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत माझी ग्रे आयर्नची फौंड्री, म्हणजे बिडाच्या ओतकामाचा कारखाना आहे, जोडीला लहानसं मशीन शॉप. कंत्राटी धरून पंचेचाळीस माणसं. मागच्या महिन्यात एका इंजिनिअरिंग कॉलेजचे प्राध्यापक भेटायला आले. त्यांचे एम.टेक.चे दोन विद्यार्थी, एक मुलगा आणि एक मुलगी, दुसऱ्या वर्षातले सहा महिने माझ्याकडे काम करतील, त्याचे त्यांना क्रेडिट मिळतील आणि मी दरमहा मानधन द्यायचं, असा प्रस्ताव आहे. माझा आधीचा अनुभव चांगला नाही. इंटर्नशिपला आलेली पोरं महिनाभर मोबाईल घेऊन फिरली आणि शेवटच्या दिवशी सर्टिफिकेटसाठी केबिनबाहेर उभी राहिली. ते फुकट होतं, आता हेच पैसे देऊन करायचं का? शिकवायला वेळ कुणाला आहे? आमचे मोल्डिंगचे (वाळूचे साचे करायच्या विभागाचे) फोरमन म्हणतात, ‘‘पुस्तकातली पोरं ही. वाळूत हात घाल म्हटलं की मागं सरत्यात.’’ शिकून ती पुण्याला जाणार हे तर ठरलेलंच. मुलीला क्वालिटीच्या केबिनमध्ये बसवलं तर चालेल का? एक मात्र खरं, आमच्या १८ किलोच्या पंप हौसिंगमध्ये पावसाळ्यात शंभरात आठ नग मशिनिंगनंतर ब्लोहोलमुळे (वायूनं आत पडलेल्या पोकळीमुळे) बाद होतात, एरवी तीन. महिन्याला दोन हजार नग जातात. त्याच्या मागे लागायला माझ्याकडे माणूस नाही. काय करावं?

एक फौंड्रीचालक, शिरोली

उत्तर:

तुमच्या पत्रात मानधन, फोरमन, पुणे, मुलीची सोय असं सगळं आहे, आणि पावसाळ्यातल्या ब्लोहोलचं तुम्ही जाता जाता लिहिलंय. मी मात्र पत्र वाचताना तिथंच थांबलो. विद्यार्थी घ्यावा की नाही याचं उत्तर तुम्ही स्वतःच तिथं देऊन ठेवलंय. घ्या. फक्त यंदा दोन नको, एकच घ्या, आणि तो दारात उभा राहायच्या आधी त्याचं काम हेच आहे असं कागदावर लिहून ठेवा.

आधी आलेल्या पोरांबद्दल तुम्ही चिडून लिहिलंय, ते समजतं. पण त्यांना काम काय दिलं होतं, याबद्दल पत्रात एक शब्द नाही. बहुतेक कारखान्यांत असंच होतं. कॉलेजचं पत्र येतं, ओळखीपोटी हो म्हटलं जातं, पहिल्या दिवशी कुणीतरी मेल्टिंगपासून डिस्पॅचपर्यंत फिरवून आणतं आणि दुसऱ्या दिवसापासून त्या पोरांचं काय करायचं हे कुणालाच ठाऊक नसतं. महिनाभरात फौंड्रीतला एक प्रश्न धड समजतसुद्धा नाही. ज्याला काम नाही, पगार नाही, आणि ज्याचं नाव सुपरवायझरला माहीत नाही, तो मोबाईलच बघणार. फुकट आलेल्याकडून काही मागायला मालकाची जीभ रेटत नाही आणि फुकट राबणाऱ्यालाही काही देणं लागतो असं वाटत नाही. पैसे दिले की दोन्ही बाजूंना हिशेब विचारता येतो, म्हणून मी मानधनाच्या बाजूचा आहे.

प्राध्यापकांनी मांडलेली कल्पना काही नवी नाही. अमेरिकेतल्या सिनसिनाटी विद्यापीठात १९०६ साली हर्मन श्नायडर यांनी २७ विद्यार्थ्यांना घेऊन ती सुरू केली. काही काळ वर्गात, काही काळ कारखान्यात, असं आलटून पालटून शिक्षण, आणि कारखान्यातल्या कामाची मजुरी. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठानं १९५७ मध्ये हीच पद्धत उचलली. तिथं चार महिने शिक्षण आणि चार महिने पगारी काम असा पाळणा चालतो. दोन्हीकडे विद्यार्थी कामाचा माणूस म्हणून जातो आणि कारखानदार त्याच्याकडून काम मागतो. आपल्या कोल्हापूरच्या उद्यमनगरात तरी दुसरं काय होत होतं? वाय. पी. पोवार, म्हादबा मिस्त्री या जुन्या उद्योजकांच्या काळापासून कोल्हापूरचा कारागीर मशीनपाशी उभा राहून, मिस्त्रीच्या हाताखाली, कमावत कमावत शिकला. फरक इतकाच की आता हाताखाली येणारा पोरगा पदवी घेऊन येतोय आणि त्याच्या शिकण्यावर एका विद्यापीठाची नजर आहे.

आता तुमच्या हौसिंगकडे येतो. पावसाळ्यात शंभरात पाच नग जादा बाद, म्हणजे दोन हजारांत शंभर. वजनात १,८०० किलो. इंडक्शन फर्नेसमध्ये टनाला साधारण ६०० युनिट धरले तरी हजारावर युनिट वीज दर महिन्याला पुन्हा तेच लोखंड वितळवण्यात जाते. शिवाय ब्लोहोल मशिनिंगनंतर उघडा पडतो म्हणता, म्हणजे त्या शंभर नगांवर मोल्डिंगची मजुरी, फेटलिंग (ओतलेला नग घासून साफ करणं), मशीनचा वेळ आणि इन्सर्ट (कापायची पाती) हे सगळं खर्च होऊन मग ते भंगारात पडतात. हा आकडा तुमच्या अकाउंटंटकडून रुपयांत काढून घ्या. मानधनाचा आकडा त्याच्या शेजारी लिहा. मग पुढचं बोलणं सोपं होईल.

हाती घेण्याजोगं काम कसं दिसतं ते थोडं सविस्तर सांगतो, कारण ‘प्रोजेक्ट द्या’ एवढं म्हणून मालकाच्या डोळ्यांपुढं काहीच उभं राहत नाही.

पहिले दोन आठवडे विद्यार्थ्यानं फक्त माग काढायचा. कास्टिंगवर हीटचा (भट्टीच्या एका वितळणीचा) नंबर उठत असेलही, पण मशीन शॉपमध्ये बाद झालेला नग बाजूला टाकताना तो नंबर वहीत कोण उतरवतं? बहुतेक ठिकाणी कुणीच नाही. हा धागा जोडला की बाद नग कोणत्या दिवशी, कोणत्या पाळीत, लाडल (धातू ओतायचं भांडं) भरल्यापासून कितव्या बॉक्समध्ये, म्हणजे साच्याच्या पेटीत, ओतला गेला हे कळायला लागतं. दुसरं, हौसिंगची बाह्यरेषा कागदावर काढायची आणि प्रत्येक बाद नगातला ब्लोहोल जिथं सापडला तिथं ठिपका द्यायचा. शंभर नगांचे ठिपके एका कागदावर आले की बरंच काही दिसतं. ठिपके वरच्या पेटीच्या बाजूला, कोअरच्या (नगातली पोकळी घडवणाऱ्या वाळूच्या गाभ्याच्या) आसपास दाटले असतील तर संशय कोअरमधून सुटणाऱ्या वायूवर जातो. सगळीकडे विखुरले असतील तर वाळूतल्या पाण्याकडे बघावं लागतं.

कोअर सोडियम सिलिकेटचे, सीओटू (कार्बन डायऑक्साइड) वायूवर घट्ट केलेले असतील तर आणखी एक नोंद हवी. असे कोअर दमट हवेत पडून राहिले की ओल धरतात. कोअर केल्यापासून बॉक्समध्ये बसेपर्यंत किती तास रॅकवर होता, एवढं प्रत्येक ट्रेवर खडूनं लिहायला काहीही खर्च नाही. मग शंभर कोअर भट्टीत सुकवून लगेच वापरायचे, शंभर नेहमीसारखे रॅकवरचे, आणि दोन्ही गट वेगळे मशीन करून बघायचे. जुलैतल्या शिरोलीत हा प्रयोग केला तर तो बोलतो. मार्चमध्ये केला तर गप्प राहील.

आणि वाळू. दर तासाला ओलावा, कॉम्पॅक्टेबिलिटी (वाळू किती दबते), परमीअबिलिटी (तिच्यातून वायू किती सुटतो), शिवाय शेकआउटवरून, म्हणजे साचा मोडून नग काढतात तिथून, परत आलेल्या वाळूचं तापमान. ५० मिलिमीटर व्यासाचा, तेवढ्याच उंचीचा नमुना, तीन ठोके, हे तुमच्या सँड लॅबमध्ये होत असणारच; पण दिवसातून एकदा, रजिस्टर भरण्यापुरतं. गरम परत आलेली वाळू नीट न निवता मिक्सरमध्ये गेली की पाण्याचा अंदाज चुकतो, आणि हे दुपारच्या पाळीत जास्त होतं की सकाळच्या, ते तासातासाच्या नोंदीशिवाय सांगता येत नाही. तुमच्या क्वालिटीच्या माणसाला एवढा वेळ नाही, तो ग्राहकाच्या तक्रारीत अडकलेला असतो. सहा महिने दुसरं काही न करता एकाच नगाच्या मागे लागणारा माणूस कारखान्याला एरवी परवडत नाही, तो या मार्गानं मिळतो.

फोरमनची खरी गरज इथं लागते. जुने मोल्डर वाळूची मूठ दाबतात, ती मोडून कड बघतात आणि ‘ओली हाय’ किंवा ‘जमली’ असं सांगतात. तुमचेही करत असतील. विद्यार्थ्याला सांगा, लॅबचा आकडा काढण्याआधी रोज फोरमनचं मत विचारायचं, ते शब्दशः लिहायचं आणि मग शेजारी कॉम्पॅक्टेबिलिटीचा आकडा टाकायचा. चार महिन्यांत तुमच्याकडे असा तक्ता तयार होईल की फोरमनची ‘जमली’ म्हणजे किती टक्के. ते निवृत्त होतील तेव्हा त्यांच्या हातातली परख थोडी तरी कारखान्यात राहील. माझ्या मते मानधनाचा सगळा पैसा एवढ्या एका कागदात फिटतो.

हे फोरमनना तुम्ही स्वतः सांगा, विद्यार्थी यायच्या आधी, बाजूला बसवून. ‘मुलाला जरा बघा’ असं चालता चालता सांगू नका. ते चिडलेत त्यामागं थोडी भीतीही असेल. तीस वर्षं ज्या गोष्टीवर मान मिळाला ती गोष्ट कालचं पोरगं लॅपटॉपवर दाखवणार, असं कुणाला आवडेल? मूठ आधी, आकडा नंतर, हा क्रम त्यासाठीच सांगितला. पाळी सुरू झाल्यावर अर्धा तास रोज त्यांचा आणि विद्यार्थ्याचा, तेवढ्या वेळात त्यांना डिस्पॅचच्या घाईत ओढायचं नाही. त्या सहा महिन्यांसाठी त्यांना वेगळा भत्ता द्या. कॉलेजचे गाईड कामाचा आढावा घ्यायला येतील तेव्हा फोरमननाही टेबलाशी खुर्ची द्या, आणि प्रबंधाच्या ऋणनिर्देशात त्यांचं पूर्ण नाव यावं हे प्राध्यापकांना आधीच सांगून ठेवा. शिकवायला वेळ कुणाला, असं तुम्ही विचारता. वेळ फोरमनचा जाणार आहे, आणि या सगळ्यातला मोठा खर्च तोच आहे. तो द्यायची तयारी नसेल तर मानधन वाचवा आणि प्राध्यापकांना नम्रपणे नाही म्हणा. यंदा एकच विद्यार्थी घ्या म्हणतो तेही याच कारणानं. तुमच्याकडे प्रश्न एक आहे आणि शिकवणारा माणूसही एकच.

मानधन किती द्यायचं? गेट परीक्षा देऊन एम.टेक.ला आलेल्या विद्यार्थ्याला एआयसीटीईची (तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेची) शिष्यवृत्ती महिना १२,४०० रुपये आहे. त्याच्या खाली उतरू नका. बाहेरगावचा विद्यार्थी कोल्हापुरात कॉट बेसिसवर राहतो, मेसला जेवतो, रोज शिरोलीला ये-जा करतो. त्याखालच्या रकमेत त्याला घरून पैसे मागवावे लागतील. इथं एक खबरदारी घ्या. ही शिष्यवृत्ती चालू असताना दुसरीकडून मानधन किंवा पगार घेता येत नाही अशी तिची अट असते. निवडलेला विद्यार्थी शिष्यवृत्तीधारक असेल तर काय करायचं ते कॉलेजकडून लेखी घ्या, नाहीतर तुम्ही भल्यासाठी दिलेले पैसे त्याच्या अंगलट येतील. रक्कम दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला बँक खात्यात जमा करा. रोखीनं, उरलंसुरलं, असं नको.

कमी पैशांत किंवा फुकट येणारेही मिळतील, हे मला माहीत आहे. पण फुकट सहा महिने कोण येऊ शकतं याचा विचार करा. ज्याच्या घरी सोय आहे तोच. राधानगरी, शाहूवाडी, चंदगडकडची जी पोरं दुसऱ्या वर्षी ट्यूशन घेऊन, दुकानात हिशेब लिहून फी भागवतात, ती आपोआप गळतात. हुशार मुलगा निव्वळ राहण्या-जेवण्याची सोय नाही म्हणून शिक्षणातून मागं पडू नये, यासाठी शाहू महाराजांनी १९०१ पासून या शहरात बोर्डिंगं उभी करायला सुरुवात केली. त्या शहरातल्या कारखानदारानं महिन्याच्या मानधनावर घासाघीस करू नये, असं मला मनापासून वाटतं.

कायद्याचं थोडक्यात. तुमची माणसं पंचेचाळीस आहेत. शिकाऊ उमेदवार कायदा १९६१ चा, आणि २०१९ च्या सुधारित नियमांनुसार ३० किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनेला, कंत्राटी धरून, अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घेणं बंधनकारक आहे. आयटीआयचे उमेदवार तुम्ही घेत असाल तर तो भाग झाला. पदवीधर शिकाऊ उमेदवाराला त्याच नियमांत किमान ९,००० रुपये विद्यावेतन ठरलं आणि नॅट्स या केंद्राच्या शिकाऊ उमेदवार योजनेत नोंद असेल तर त्यातला निम्मा वाटा केंद्र सरकार देतं. करार करताना चालू दर पोर्टलवर पाहून घ्या. मात्र शिकत असलेला एम.टेक.चा विद्यार्थी या योजनेत आपोआप बसत नाही. कॉलेजनं अभ्यासक्रम शिकाऊ उमेदवारीशी जोडला असेल तरच ते शक्य आहे, हे प्राध्यापकांना थेट विचारा. तसं नसेल तर तुम्ही, कॉलेज आणि विद्यार्थी असा तिघांचा करार करा. त्यात कालावधी, मानधन, आठवड्यातला कॉलेजचा एक दिवस, सुट्ट्या आणि तुमच्या बाजूनं जबाबदार माणूस कोण हे सगळं लिहा. विद्यार्थी ईएसआयमध्ये (कर्मचारी राज्य विम्यात) येईलच असं नाही, म्हणून त्याच्या नावे वैयक्तिक अपघात विमा आधी काढा आणि मगच त्याला १,४०० अंशांच्या आसपासच्या धातूजवळ जाऊ द्या. विम्याची पावती हातात आल्याशिवाय गेटपास नाही, इतकं कडक राहा.

करारात एक वाक्य माझ्या आग्रहाखातर घाला: गैरहजर कामगाराच्या जागी विद्यार्थ्याला उभं करणार नाही. सुरुवातीच्या दिवसांत त्यानं मोल्डिंगवर, कोअर शॉपमध्ये, फेटलिंगला हातानं काम करावं, घाम गाळावा, ते शिकणं आहे. पण गणपतीला, दिवाळीला माणसं गावी गेली आणि ऑर्डर अडली की हातात ग्राइंडर देऊन ‘चार दिवस चालव’ म्हणायचा मोह सगळ्यांना होतो. चारचे चाळीस होतात, नोंदी तुटतात आणि ऐन मोक्याच्या दिवसांची माहिती हातची जाते. नुकसान तुमचंच.

मुलीला केबिनमध्ये बसवू नका. ती वाळूपर्यंत गेली नाही तर वर सांगितलेलं एकही काम तिला करता येणार नाही. मग तिच्या प्रबंधात संगणकावरचं रंगीत सिम्युलेशन तेवढं येईल आणि तुमच्या हौसिंगला त्याचा उपयोग शून्य. कॉलेजला सिम्युलेशन आवडतं, तेही करावं, पण नोंदी हातात आल्यावर. एकच विद्यार्थी घ्या असं मी वर म्हटलंय, त्याचा अर्थ मुलीचं नाव आपोआप कटलं असा काढू नका. दोघांनाही बोलवा. ऑफिसात मुलाखत घेऊ नका. बाद झालेलं एक हौसिंग, ब्लोहोल उघडा पडलेलं, हातात द्या आणि विचारा, हे बघून तुला आम्हाला काय काय विचारावंसं वाटतं? कोअर कुठला, ओतायला किती वेळ लागला, हा नग कोणत्या महिन्यातला, असे प्रश्न ज्याला किंवा जिला सुचतील त्या व्यक्तीला घ्या. लगेच उत्तर सांगणाऱ्यापेक्षा प्रश्न विचारणारा मला जास्त भरवशाचा वाटतो.

मुलगी निवडली गेली तर कामं साधी आहेत पण ती आधी व्हायला हवीत. कडी नीट लागणारं स्वच्छ स्वच्छतागृह. तिच्या मापाचे सेफ्टी शूज आणि हातमोजे. हे स्टोअरमध्ये नसतात, मागवावे लागतात, आणि सैल बूट फौंड्रीत धोक्याचा असतो. मेल्टिंग रात्री असेल आणि तिला त्या पाळीत थांबायचं असेल तर घरापर्यंत गाडी. दहा किंवा अधिक माणसांच्या आस्थापनेत लैंगिक छळ प्रतिबंधक कायदा, २०१३ प्रमाणे अंतर्गत समिती लागते आणि त्या कायद्यात प्रशिक्षणार्थीही येतात. तुमच्याकडे समिती कागदावर तरी आहे का? नसेल तर या निमित्तानं ती खरीच करा, तिच्यासाठी आणि तुमच्या कोअर शॉपमधल्या, ऑफिसातल्या बायकांसाठीही.

पुण्याचं म्हणाल, तर जाईल, कदाचित. त्याला बाँड घालू नका, मूळ प्रमाणपत्रं ठेवून घेऊ नका. असं करणाऱ्यांकडे पुढच्या वर्षी चांगलं पोर फिरकत नाही, कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये बातमी लगेच पोचते. तो गेला तरी सहा महिन्यांच्या नोंदी, ठिपक्यांचा कागद, फोरमनच्या मुठीचा तक्ता हे सगळं तुमच्याकडे राहील, अशी व्यवस्था करा. मूळ वही कारखान्याची, प्रत त्याची. दर शनिवारी एक पानाचा अहवाल, मराठीत चालेल, तुमच्या टेबलावर. पुण्यात एखाद्या पंप किंवा गाड्यांच्या कंपनीत कास्टिंग खरेदीच्या विभागात तो बसला, तर शिरोलीत कुणाची वाळू ताब्यात आहे हे त्याला पक्कं माहीत असेल. आणि थांबायला तयार असेल तर चौथ्या महिन्यातच त्याच्याशी नोकरीचं बोला, पगाराचा आकडा सांगून. ‘बघू पुढं’ या उत्तरावर कोल्हापूरची किती पोरं हिंजवडीला गेली असतील.

ग्राहकाच्या ड्रॉइंगचा प्रश्न तुम्ही विचारला नाही, पण तो येणार. पंप कंपनीशी तुमचा गोपनीयतेचा करार असेल. प्रबंध विद्यापीठात जमा होतो, तो बाहेरचे परीक्षक वाचतात. म्हणून ग्राहकाचं नाव आणि संपूर्ण ड्रॉइंग प्रबंधात येणार नाही, लागेल तेवढा छेद मापं बदलून दाखवायचा, हे कामाच्या सुरुवातीलाच ठरवा. मसुदा तुमच्याकडे आला की पंधरा दिवसांत वाचून परत करायचा, अशी मुदत स्वतःवरही घाला. प्रबंध सादर करायच्या आठवड्यात मालकानं ‘हे छापू नका’ म्हणून अडवलं तर त्या मुलाचं वर्ष अडकतं.

एक तयारी विद्यार्थी यायच्या आधी तुमची तुम्हीच करा. मागच्या पावसाळ्यातली आणि त्यानंतरच्या कोरड्या महिन्यांतली या हौसिंगच्या रिजेक्शनची रजिस्टरं शोधून एका जागी ठेवा. आठ आणि तीन हे आकडे तुम्ही अनुभवानं सांगितलेत की नोंदीवरून, हे त्यातून कळेल. विद्यार्थ्याचा पहिला आठवडा ही पानं एकत्र करण्यात गेला तर त्याचा उत्साह तिथंच अर्धा होतो.

वेळ फार नाही. एम.टेक.चं तिसरं सत्र जुलै-ऑगस्टच्या सुमाराला सुरू होतं आणि तुमच्या दृष्टीनं ते योग्य वेळी येतं: पहिले दोन-तीन महिने धो धो पाऊस, नंतर ऑक्टोबर-नोव्हेंबरची कोरडी हवा. एकाच विद्यार्थ्याच्या हातून, एकाच नगावर, दोन्ही ऋतूंची तुलना होईल. महिन्याभराच्या इंटर्नशिपमध्ये हे कधीच जमलं नसतं. पण प्रबंधाचा विषय सत्राच्या सुरुवातीलाच मंजूर करून घ्यावा लागतो, आणि एकदा दुसरा विषय मंजूर झाला की प्राध्यापकांचे हात बांधले जातात. तेव्हा या आठवड्यात एक पान लिहा. नगाचं वजन, महिन्याचे नग, दोन्ही ऋतूंतलं रिजेक्शन, कोअर कसला, सँड लॅबमध्ये काय काय आहे, फोरमन रोज अर्धा तास देतील, मानधन किती. खाली सही करा आणि प्राध्यापकांना पाठवा. सोबत बाद झालेलं एक हौसिंगही द्या, ब्लोहोलभोवती खडूनं गोल करून.